वाण्याच्या दुकानी आलेले क्लॅरेट

राष्ट्रांच्या इतिहासात लढाया आणि तह ह्यांना जे मानाचे स्थान मिळते, ते जकातीच्या दरपत्रकास सहसा मिळत नाही. वस्तुतः सामान्य गृहस्थाच्या ताटावाटीपर्यंत जाऊन पोहोचण्याचे सामर्थ्य लढाईपेक्षा जकातीच्या ठिकाणी अधिक असते. कोणता पदार्थ थोरांच्या पंक्तीस राहावयाचा आणि कोणता चार माणसांच्या घरात यावयाचा, हे पुष्कळदा पदार्थाच्या गुणावर ठरत नसून त्याच्यावर बसविलेल्या करावर ठरते. इंग्लंडात १८६० सालापासून पुढील दोन वर्षांत असाच एक फेरफार झाला. आणि त्यायोगे चहा, साखर व मेणबत्त्या विकणाऱ्या ग्रोसरच्या, म्हणजे आपल्या भाषेत वाण्याच्या, फळीवर फ्रान्सच्या तांबड्या वाइनची स्वस्त बाटली येऊन बसली. ही बाटली तेथे कशी आली, तिने काय साधावे अशी अपेक्षा होती आणि प्रत्यक्षात काय साधले, ह्याचा थोडासा विचार ह्या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे. मद्यपानाची तरफदारी करावी असा आमचा हेतू नाही. स्वस्ताई आणि संयम ह्यांचा परस्परांशी कितपत संबंध आहे, हा प्रश्न मात्र आम्हांस महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचे इतके स्वच्छ उदाहरण इतिहासात क्वचितच सापडेल.

फ्रान्सच्या बोर्दो शहराच्या आसपास होणाऱ्या तांबड्या वाइनला इंग्रज लोक क्लॅरेट म्हणतात. ह्या वाइनशी त्यांचा संबंध फार जुना. ११५२ साली आक्वितेन प्रांताची स्वामिनी एलिनॉर हिने पुढे इंग्लंडचा राजा झालेल्या दुसऱ्या हेन्रीशी विवाह केला, तेव्हापासून १४५३ पर्यंत, म्हणजे तीनशे वर्षे, बोर्दो इंग्लंडच्या राजांच्या छत्राखाली होते. तेथील वाइनची पिपे भरून जहाजांचे तांडेच्या तांडे इंग्लंडच्या बंदरांत येत. पुढे राज्य गेले, परंतु रुची राहिली. त्या रुचीवर खरा घाव पडला तो सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सशी सुरू झालेल्या युद्धांनी व त्यांच्यामागून आलेल्या जबर जकातींनी. १७०३ साली जॉन मेथ्यूएन ह्या वकिलाने पोर्तुगालशी तह केला. इंग्रजी लोकरी कापडास पोर्तुगालचा बाजार खुला व्हावा आणि त्याच्या मोबदल्यात पोर्तुगालच्या वाइनवर फ्रान्सच्या वाइनपेक्षा एक तृतीयांश जकात कमी बसावी, असे त्या तहात ठरले. म्हणजे कापड विकण्यासाठी एका राष्ट्राने आपली जीभ गहाण टाकली, असेच म्हणावयाचे.

ह्याचा परिणाम शंभर-सव्वाशे वर्षांत एवढा खोल गेला की, पोर्ट हीच आपली राष्ट्रीय वाइन असे इंग्रज माणूस मानू लागला. पोर्ट गोड व जड असते. द्राक्षांचा रस आंबत असतानाच तीत ब्रँडी ओततात, त्यामुळे रसातील साखर शिल्लक राहते आणि मद्यार्काचे प्रमाण पुष्कळच वाढते. अशा पेयाची सवय झालेल्या जिभेस साधे क्लॅरेट पाणचट व आंबट लागावे ह्यात नवल नाही. बोर्दोचे व्यापारीही मोठे हिशेबी. इंग्लंडला पाठवावयाच्या उंची क्लॅरेटमध्ये ते दक्षिणेकडील किंवा स्पेनमधील दणकट वाइन मिसळीत. घरी एक वाइन आणि इंग्रज गिऱ्हाइकासाठी दुसरी, असा हा प्रकार होता. तात्पर्य, जकातीने आधी किंमत बदलली, किमतीने सवय बदलली, आणि सवयीने शेवटी मूळ मालही बदलून टाकला.

१८३१ साली पोर्तुगालची ही सवलत काढून टाकण्यात आली व परदेशी वाइनवर सरसकट सारखी जकात बसली. १८४० नंतर ती गॅलनमागे सुमारे पाच शिलिंग नऊ पेन्स होती. दिसावयास ही मोठी समता! पण थोडे गणित केले असता तिच्यातील विषमता उघड होते. एका गॅलनात साधारणतः सहा बाटल्या मावतात आणि एका शिलिंगाचे पेन्स बारा, तेव्हा दर बाटलीवर साडेअकरा पेन्स कर पडे. बाटलीतील वाइन मुळात सहा शिलिंगांची असली तर हा कर श्रीमंताच्या खिशास जाणवतही नसे. तीच वाइन सहा पेन्सांची असली तर करच मुळी मालाच्या जवळजवळ दुप्पट होई. मग हलकी, स्वस्त वाइन कोणी आणावी कशाला? जेथे उंची मालावर आणि सामान्य मालावर एकच कर बसतो, तेथे सामान्य माल बाजारातून आपोआप हद्दपार होतो. इंग्लंडात स्वस्त क्लॅरेट नव्हते, ह्याचे कारण लोकांच्या आवडीत शोधणे म्हणूनच व्यर्थ होते. जे चाखावयास मिळतच नाही, त्याची आवड उत्पन्न व्हावी कोठून?

ह्या स्थितीत पालट घडविणारा पुरुष म्हणजे तत्कालीन अर्थमंत्री विल्यम ग्लॅडस्टन. २३ जानेवारी १८६० रोजी रिचर्ड कॉब्डेन व फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ मिशेल शेव्हालिए ह्यांच्या खटपटीने इंग्लंड व फ्रान्स ह्यांच्यामध्ये व्यापारी तह झाला. इंग्रजी कोळसा, लोखंड व कापड ह्यांना फ्रान्सचे दार किलकिले झाले आणि फ्रेंच वाइनला इंग्लंडचे. पुढच्याच महिन्यात ग्लॅडस्टनने आपले अंदाजपत्रक मांडले. वाइनवरील जकात प्रथम तीन शिलिंगांवर आणण्यात आली, आणि मग ती मद्यार्काच्या प्रमाणावर बसवावी असे ठरले. १८६२ साली ही व्यवस्था स्थिर झाली, तेव्हा मापकयंत्रावर सव्वीस अंशांच्या आत भरणाऱ्या वाइनवर गॅलनमागे एकच शिलिंग, आणि त्याहून कडक वाइनवर अडीच शिलिंग, असे दर पडले. हे सव्वीस अंश म्हणजे शुद्ध मद्यार्काच्या हिशेबाने शेकडा पंधराच्या किंचित आत. नैसर्गिक रीतीने आंबलेली वाइन बहुधा ह्या मर्यादेत राहते. ब्रँडी ओतलेल्या पोर्ट व शेरी मात्र तिच्या बाहेर पडतात. स्पेन व पोर्तुगाल ह्यांनी ह्याबद्दल पुष्कळ वर्षे कुरकुर केली, आणि १८८६ साली स्पेनसाठी ही मर्यादा तीस अंशांपर्यंत वाढवावी लागली. ते काही असो. क्लॅरेटच्या बाटलीवरील साडेअकरा पेन्सांचा बोजा दोन पेन्सांवर उतरला, ही गोष्ट इंग्लंडच्या घराघरांत जाणवण्यासारखी होती.

परंतु नुसती जकात उतरवून भागण्यासारखे नव्हते. विक्रीची जागाही बदलावयास हवी होती. तोपर्यंत वाइन घेण्याचे मार्ग दोन. एक गुत्त्याचा, जेथे कुलीन स्त्रीने पाऊल टाकावयाचे नाही आणि प्रतिष्ठित पुरुषानेही चारचौघांत टाकावयाचे नाही. आणि दुसरा वाइनच्या पेढीचा, जेथे डझनाच्या किंवा पिपाच्या मापाने खरेदी होई, उधारी चाले, आणि घरी तळघर असणाऱ्यासच गिऱ्हाईक म्हणून मान मिळे. १८६० च्या कायद्याने खाणावळवाल्यास जेवणाबरोबर वाइन देण्याचा आणि साध्या दुकानदारास ती घरी नेण्यासाठी विकण्याचा परवाना मिळू लागला. १८६१ साली ह्या व्यवस्थेस आणखी मोकळीक देणारा जो कायदा झाला, तो तर ‘एक बाटलीचा कायदा’ ह्या नावानेच प्रसिद्धीस आला.

ह्या सुधारणेमागे तीन हेतू एकवटले होते, आणि ते निरनिराळे ओळखणे अवश्य आहे. पहिला व्यापाराचा: माल घ्यावा तर माल विकला जाईल. दुसरा राजकारणाचा: ज्या दोन राष्ट्रांच्या वखारी एकमेकांत गुंतल्या ती सहजासहजी लढणार नाहीत, अशी कॉब्डेनची श्रद्धा होती. तिसरा हेतू नीतीचा, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने तोच प्रमुख. ॲडम स्मिथने १७७६ साली आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथात असे प्रतिपादिले होते की, ज्या देशांत वाइन स्वस्त आहे तेथील लोक एकंदरीने अधिक संयमी असतात. दुर्मिळतेमुळे अतिरेक होतो, विपुलतेमुळे होत नाही. हाच विचार पुढे नेऊन सुधारणेचे पुरस्कर्ते म्हणू लागले की, मजुराच्या हाती जिनऐवजी हलकी वाइन द्या, ती त्याला जेवणाबरोबर घरी नेऊ द्या, म्हणजे गुत्ता ओस पडेल. मद्यनिषेधवाल्यांना हे मुळीच पटले नाही. एक दार बंद होण्याऐवजी दुसरे उघडेल, असे त्यांचे भाकीत होते. गुत्तेवाल्यांनाही ते पटले नाही, अर्थात वेगळ्या कारणाने. हे दोन हाडवैरी एका प्रश्नावर एका बाजूस आलेले पाहून कोणाही तटस्थाची करमणूक झाली असती.

कायद्याने मोकळी केलेली वाट व्यापाऱ्यांनी कशी चालून दाखविली, हे गिल्बी बंधूंच्या उदाहरणावरून समजते. वॉल्टर व आल्फ्रेड गिल्बी हे क्रिमियाच्या युद्धावरून परतलेले दोन तरुण. १८५७ साली त्यांनी लंडनमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या केप वसाहतीतील वाइन विकण्याचा धंदा काढला. कारण वसाहतीचा माल म्हणून तिच्यावर जकात निम्मीच होती. १८६० च्या फेरफाराने ती सवलत नाहीशी झाली. दुसरा कोणी असता तर बुडाला असता. ह्यांनी तत्काळ फ्रेंच वाइनकडे मोर्चा वळविला, आणि गावोगावच्या प्रतिष्ठित वाण्यांस आपले अडत्ये नेमले. बाटली त्यांनीच भरावयाची, मोहोर त्यांनीच लावावयाची, किंमत छापील पत्रकात जाहीर करावयाची आणि वाण्याने ती फक्त फळीवर मांडावयाची. १८७५ साली त्यांनी बोर्दोजवळच्या मेदोक प्रांतात शातो लूदेन नावाचा मळाच विकत घेतला. डझनाला बारा-चौदा शिलिंग, म्हणजे बाटलीमागे शिलिंग-सव्वा शिलिंग, अशा भावाची क्लॅरेट आता मिळू लागली. लोकांनी तिला ‘ग्लॅडस्टन क्लॅरेट’ असे थट्टेचे नाव दिले. थट्टेत थोडी तुच्छता होती, हे खरे. पण ज्याच्या नावाने लोक थट्टा करतात ती वस्तू घरोघर पोहोचलेली असते, हेही तितकेच खरे.

ह्या क्रांतीचे खरे मर्म आमच्या मते भावात नसून मापात आहे. डझनभर बाटल्या घेणारा मनुष्य दुसऱ्याच्या शब्दावर विश्वासतो. एक बाटली घेणारा स्वतःच्या जिभेवर विश्वासू शकतो. ह्या आठवड्यात एक चाखावी, न रुचल्यास पुढल्या आठवड्यात दुसरी घ्यावी; नुकसान होऊन होऊन शिलिंगाचे. परीक्षा करण्याचा जो हक्क पूर्वी तळघरवाल्यांचा होता, तो आता कारकुनाला, शाळामास्तराला व लहानशा दुकानदारालाही मिळाला. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनानिमित्त बोर्दोच्या दलालांनी तेथील उत्तम तांबड्या वाइनच्या पाच प्रती लावल्या होत्या, त्या बाजारात मिळत आलेल्या किमतीवरून. वाण्याची क्लॅरेट ह्या पाचही प्रतींच्या पुष्कळ खालची. दलालांनी वाइन मोजली किमतीने, सरकारने मोजली मद्यार्काने. चवीचे माप कोणाजवळच नव्हते, आणि ते काम ज्याचे त्यानेच करावयाचे राहिले.

ज्यांनी ते काम जाहीरपणे अंगावर घेतले, त्यांत लंडनचे डॉक्टर रॉबर्ट ड्रुइट ह्यांचे नाव अग्रभागी येते. १८६५ साली त्यांनी फ्रान्स, इटली, ऑस्ट्रिया, ग्रीस व हंगेरी ह्या देशांच्या स्वस्त वाइनांवर एक अहवालच छापून काढला. एका नामांकित वैद्याने राजवाड्यातील जुन्या वाइन सोडून बाजारातील स्वस्त बाटल्यांची परीक्षा करावी, आणि त्यांची जात, त्यांचा आरोग्यकारकपणा व त्यांची किंमत ह्या तिन्हींचा एकत्र विचार करावा, ही गोष्टच त्या काळाची साक्ष आहे. वरून ओतलेल्या मद्यार्कापासून मुक्त अशी शुद्ध, हलकी वाइन त्यांनी पसंत केली. वाइन आरोग्यकारक असते हे त्या काळच्या वैद्यांचे मत आजचे वैद्यक स्वीकारीत नाही. परंतु स्वस्त वस्तूचीही परीक्षा आस्थेने करावी, ही ड्रुइट ह्यांची दृष्टी मात्र जुनी झालेली नाही. तांबड्या वाइनचा रंग व तिची तुरट चव ही दोन्ही द्राक्षांच्या सालींतून उतरतात. तिचा आंबटपणा हा फळाचा धर्म असतो, तर बिघडलेल्या वाइनचा आंबटपणा शिरक्याचा असतो. हा भेद ज्यास कळला त्यास बाटलीवरील किल्ल्याच्या चित्राने फसविणे कठीण. पोर्टवर वाढलेल्या इंग्रज गिऱ्हाइकास तो हळूहळूच कळू लागला, आणि तोपर्यंत पुष्कळांनी क्लॅरेटमध्ये साखर, सोडा व बर्फ घालून आपली सोय करून घेतली.

मात्र वाण्याच्या परवान्यावर लवकरच गहजब सुरू झाला. घरची स्त्री वाण्याकडे जाते; वाणी तिला बाटली देतो; आणि महिन्याच्या हिशेबात ती बाटली चहा किंवा साखर म्हणून मांडतो, असा आरोप १८७० नंतर सर्वत्र ऐकू येऊ लागला. डॉक्टरांनी निषेध केले, वृत्तपत्रांनी स्तंभ भरले. अखेर लॉर्डांच्या सभेने मद्यासक्तीच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीने १८७६ पासून १८७९ पर्यंत साक्षी घेतल्या, तेव्हा वाण्याच्या परवान्यामुळेच स्त्रियांमध्ये मद्यासक्ती वाढली असे मानण्यास पुरेसा आधार तिला आढळला नाही. तथापि आरोप मेला नाही. ह्या आरोपाच्या तळाशी दोन भावना होत्या: एक, व्यसनाने उद्ध्वस्त झालेल्या घरांविषयीची खरी कळकळ, आणि दुसरी, स्त्रीने स्वतःच्या मर्जीने काही खरेदी करावी ह्याविषयीची अस्वस्थता. पहिली आदरणीय होती. दुसरी तिच्या आडून बोलत होती. लोकहिताच्या वादात ह्या दोहोंची फारकत करणे अवघड असते, आणि म्हणूनच ती करणे अगत्याचे असते.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. स्वस्त क्लॅरेटने इंग्लंड संयमी झाले काय? आकडे पाहता वाइनचा खप वाढला ह्यात शंका नाही. १८५९ साली सर्व प्रकारची वाइन मिळून सुमारे सत्तर लाख गॅलन खपत होती, ती १८७६ च्या सुमारास पावणेदोन कोटींच्या वर गेली. फ्रेंच वाइन तर सात लाखांच्या आसपास होती, ती साठ लाखांच्या पुढे पोहोचली. परंतु ह्या शिखरावरदेखील दर माणशी वाइन पडली वर्षाकाठी अवघा अर्धा गॅलन, म्हणजे तीन बाटल्या! त्याच १८७६ च्या सुमारास दर माणशी बिअरचे प्रमाण चौतीस गॅलनांवर गेले होते, आणि ब्रँडी-व्हिस्कीसारख्या कडक मद्यांचा खपही त्याच सुमारास कळसास पोहोचला होता. मजुरी वाढली तशी मजुराने आपली नेहमीची बिअर व जिनच अधिक घेतली. वाण्याच्या क्लॅरेटकडे तो वळला नाही. ती घेतली मध्यम वर्गाने, म्हणजे जो वर्ग बहुतांशी आधीच बेताने पिणारा होता त्याने. औषध चांगले की वाईट हा वाद बाजूस ठेवला, तरी ते रोग्यापर्यंत पोहोचलेच नाही, एवढे निश्चित.

पुढे तर निसर्गानेच ह्या प्रयोगावर पडदा पाडला. फिलॉक्सेरा नावाच्या, अमेरिकेतून आलेल्या एका सूक्ष्म किडीने फ्रान्सच्या द्राक्षवेलींची मुळे पोखरली. १८७५ साली फ्रान्समध्ये सुमारे आठ कोटी चाळीस लाख हेक्टोलिटर वाइन झाली होती. १८८९ साली ती त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी झाली. मागणी तर होतीच. मग परदेशांतून मनुका आणून त्या भिजवून वाइन करण्यात येऊ लागली, पाणी घातलेल्या फिक्या मालास डांबरापासून काढलेल्या फुक्सिन नावाच्या रंगाने लाली आणण्यात येऊ लागली. १८८९ साली फ्रान्सला कायदा करून सांगावे लागले की, वाइन म्हणजे ताज्या द्राक्षांचा आंबलेला रस. ज्या वस्तूची व्याख्या कायद्यास करावी लागते, तिच्यावरील लोकांचा विश्वास आधीच उडालेला असतो. इंग्लंडात क्लॅरेटचा खप उतरत गेला. दर माणशी वाइनचे १८७६ चे प्रमाण ओलांडावयास जवळजवळ एक शतक लागले, आणि तेव्हा ती बाटली सुपरमार्केट नावाच्या विस्तारलेल्या वाण्याच्या दुकानातूनच घरोघर जाऊ लागली होती.

गंमत अशी की, संयमाच्या कामी ज्या पेयाने इंग्लंडास खरोखर हात दिला, ते क्लॅरेटच्या शेजारच्याच डब्यात होते. चहावरील जकात १८६० साली पौंडामागे एक शिलिंग पाच पेन्स होती. १८६५ साली ती सहा पेन्सांवर व १८९० साली चार पेन्सांवर आली. दर माणशी चहाचा खप ह्या चाळीस वर्षांत पावणेतीन पौंडांच्या आतून सुमारे सहा पौंडांवर गेला, आणि १८९० च्या सुमारास त्यात आसाम व सिंहलद्वीप येथील चहाने चीनच्या चहास मागे टाकले होते. स्वस्ताईने सवय बदलते हा ग्लॅडस्टनचा सिद्धान्त खोटा नव्हता. मद्याची स्वस्ताई मद्याची सवय सोडवील, एवढाच त्यातील भाग खोटा ठरला.

हा वाद आपल्या महाराष्ट्रासही नवा नाही. २७ जानेवारी २०२२ रोजी महाराष्ट्र सरकारच्या मंत्रिमंडळाने शंभर चौरस मीटरांहून मोठ्या किराणा-भांडारांत वाइन विकण्यास परवानगी देण्याचे ठरविले. द्राक्षबागाईतदारास बाजार मिळेल, हा युक्तिवाद पुढे आला. घरात व्यसन शिरेल, हा प्रतिवादही लगोलग उठला. लोकांच्या हरकती मागविण्यात आल्या, आणि निर्णयाचा अंमल सुरू होण्यापूर्वीच त्याच वर्षी सरकार बदलले. दोन्ही बाजूंची भाषणे वाचताना १८६० ची लंडनची वृत्तपत्रेच मराठीत वाचीत आहोत असा भास होत असे. फरक एवढाच की, ज्या समाजाच्या रंगभूमीवर १९१९ साली गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ आले, त्या समाजात ‘एक बाटली’ हा शब्द थट्टेचा होणे शक्य नव्हते. तेथे हिशेब प्याल्यापासून सुरू होतो आणि त्याची अखेर संसाराच्या राखेपर्यंत जाते.

इंग्लंडच्या ह्या अनुभवावरून आम्ही कोणास परवाना द्यावा अगर देऊ नये असा कौल देत नाही. परंतु दोन गोष्टी त्यातून निःसंशय निघतात. बाटली कोणत्या दुकानात ठेवावी ह्यावर रणे माजली. तिच्यावर कर कसा बसतो आणि तिच्यात खरोखर काय भरले आहे, ह्यांकडे मात्र थोड्यांचेच लक्ष गेले. वास्तविक स्वस्त माल घेणाऱ्या मनुष्याचे हित ह्या दोन प्रश्नांतच होते. कारण श्रीमंतास फसविले तर त्याचा एक शौक बिघडतो. गरिबास रंगविलेले पाणी विकले तर त्याच्या दिवसाच्या मजुरीचा वाटा लुटला जातो. आणि दुसरी गोष्ट ही की, कायदा फळीवर बाटली ठेवू शकतो, तिची किंमत उतरवू शकतो, तिच्यावर खरे नाव लिहावयास लावू शकतो. पण संयम ही वस्तू कोणत्याही वाण्याच्या फळीवर ठेवता येत नाही. ती घरूनच न्यावी लागते.